पुसलेलं पातं

यादी टेबलावर ठेवून डॉक्टरीणबाई घाईने निघून गेल्या, आणि चाळीस आकड्यांच्या त्या यादीत सतराच्या पुढे काढलेलं अधिकचं चिन्ह तिला दिसलं. लाल पेनाने काढलेलं, तिळाएवढं. अशी चिन्हं पाच आकड्यांपुढे होती; पण बाकीच्या चौघी कोण होत्या हे तिला ठाऊक नव्हतं. सतरा ती स्वतः होती. तिच्या हातात बारीक चिमटा होता, समोर कोमट पाण्याच्या तबकात मेणाची पातळ पट्टी तरंगत होती, आणि ती पट्टी काचेवर उचलून घ्यायचा क्षण निघून गेला. पट्टी सुरकुतली, पसरली, तिच्या कडा विरघळल्यासारख्या झाल्या. एकतीस वर्षं ती हेच काम करत होती. माणसांच्या अंगातून काढलेले तुकडे या लॅबमध्ये येत, मेणात बुडवून त्यांच्या लहानशा चौकोनी वड्या करत, त्यांना ब्लॉक म्हणायचं. आणि ती यंत्राच्या मुठीला धरून, केसापेक्षा पातळ असे त्यांचे काप काढायची. बघणारे मग सूक्ष्मदर्शकातून बघत, ठरवत, लिहीत. तिने कधी काही ठरवलं नव्हतं. तिने फक्त कापलं होतं, आणि कापताना मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं होतं. कारण प्रत्येक वडीच्या मागे कुणीतरी कुठेतरी बाकावर बसून वाट बघत असतं, एवढं तिला कळत होतं.

"काकू, पट्टी बुडाली तुमची," शेजारच्या टेबलावरून रंगारी म्हणाला. काचेवरच्या कापांना गुलाबी-जांभळा रंग देणं हे त्याचं काम, म्हणून सगळे त्याला रंगारी म्हणत. "आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?"

"बुडू दे. दुसरी काढते."

"तुमच्या हातून बुडाली म्हणजे नोंद करायला हवी. मी गेल्यावर माझ्या मुलांना सांगतील, की तुमच्या बापाने काकूंची पट्टी बुडताना बघितली होती."

ती हसली. हसू आलं याचं तिला आश्चर्य वाटलं. तिने यादी उलटी करून ठेवली, तरी कागदातून तो लाल तीळ उलट्या बाजूलाही उमटलेला होता.

डॉक्टरीणबाईंनी काम सोपवताना समजावून सांगितलं होतं, ते शब्द आता एकेक करून परत आले. बायकांच्या त्या जागेची कातडी पांढरी पडते, पातळ होते, आक्रसते, खाजते, चिरते. लायकेन स्क्लेरोसस असं त्या दुखण्याचं जिभेला गाठ पाडणारं नाव. ते का होतं हे धड कुणालाच माहीत नाही. शरीराचे राखणदार घरच्याच माणसांवर भुंकू लागतात, एवढं दिसतं. पण त्यांना आधी भुंकायला लावलं कुणी? एखादा विषाणू असेल का? काही जण म्हणतात असेल, काही म्हणतात नसेल. "म्हणून जुने चाळीस ब्लॉक काढू या, काकू. पहिल्यांदा चामखिळीचा विषाणू शोधू. तो जवळिकीतून जातो. सापडला तिथे अधिकचं चिन्ह करू." तेव्हा ती मान डोलावून वहीत लिहून घेत होती, आणि जवळिकीतून हा शब्द इतर शब्दांसारखाच एक शब्द होता. चाळीस जणींत तिचाही ब्लॉक होता. परवानगीच्या कागदावर सही तिनेच दिली होती, नव्या आकड्यांच्या चिठ्ठ्याही तिनेच चिकटवल्या होत्या. स्वतःवर चिठ्ठी चिकटवताना ती थोडी गमतीने मनात म्हणाली होती, सतरा नंबर, पुढे व्हा.

अकरा वर्षांपूर्वी सुरू झालं तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती. आधी खाज. खाज म्हणजे काय हे ज्याला कधी डास चावलाय त्याला वाटतं आपल्याला कळतं. ही खाज हाडाच्या आतून यायची, आणि चारचौघांत जिथे हात नेता येत नाही नेमकी तिथे यायची. औषधांच्या दुकानात तिने हळू आवाजात सांगितलं, त्याने मोठ्या आवाजात मलम दिलं. नेहमीच्या डॉक्टरांनी मान वर न करता लिहून दिलं, वय झालं की होतं. पुढे बसणंही नकोसं झालं. त्यांच्या वस्तीतल्या सभागृहात गात गात निरूपण करणारे एक बुवा येत, ते तिचं सगळ्यात मोठं सुख. पण दोन तास मांडी घालायची म्हणजे निखाऱ्यावर बसायचं. म्हणून ती मागे खांबाला टेकून उभी राहू लागली. बायका एकमेकींना कोपर मारून दाखवायच्या, बघा, उभ्याने ऐकते, केवढी ही भक्ती! एकदा तर बुवांनीच गाता गाता थांबून तिच्याकडे हात केला आणि म्हणाले, ती माउली बघा, देवासमोर बसायचंसुद्धा तिला जिवावर येतं. सगळ्या सभेने वळून पाहिलं. ती लाजेने मेली, आणि देवाला म्हणाली, तुला खरं काय ते माहीत आहे, तू हसू नकोस. पण तो हसला असणार. आणि ते हसणं चांगल्या मनाचं असणार, याबद्दल तिला तेव्हाही शंका आली नव्हती.

सहा वर्षं कुणी पाहिलंच नाही. मग रक्तदाब मोजायला बसलेल्या एका परिचारिकेने, ही खुर्चीच्या कडेवर तिरकी का बसते म्हणून विचारलं, आणि उत्तर ऐकून पडदा ओढला. "पाहू या तरी," एवढंच म्हणाली. दिवा जवळ घेतला. आणि मग त्या अनोळखी बाईच्या तोंडून जे आलं ते हिला आजही कानात जपून ठेवल्यासारखं ऐकू येतं: "अगं बाई, किती गं सोसलंस!" तिनेच डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. डॉक्टरीणबाईंनी चिमूटभर तुकडा काढला, नाव सांगितलं, कुणाला लागत नाही, तुमच्या चुकीने झालेलं नाही असं दोनदा सांगितलं, आणि बोटाच्या पेराएवढं मलम कुठे, कसं, किती दिवस लावायचं ते चित्र काढून दाखवलं. कायमची सोबत आहे म्हणाल्या, पण सांगितलेलं ऐकते. फक्त वर्षातून एकदा येऊन दाखवायचं, कारण शंभरात थोड्या जणींच्या बाबतीत पुढे वाईट वळण लागतं. सातव्या आठवड्यात एका सकाळी ती चहाचा कप घेऊन खुर्चीत बसली, अर्धा कप झाला, आणि तिच्या लक्षात आलं की आपण बसलो आहोत. नुसत्या बसलो आहोत. बसणं ही केवढी मोठी देणगी असते! उरलेला चहा तिने रडत रडत प्यायला, आणि तो खारट झाला तरी संपवला.

तो तुकडा शेवटी तिच्याच यंत्रावर आला होता. गावातले सगळे तुकडे याच लॅबमध्ये येत. दुसऱ्या कुणाला देता आला असता, पण तिने स्वतः कापला. रंगाऱ्याला काही न सांगता त्याच्याकडून रंगवून घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. वरचा थर सुकलेल्या कांद्याच्या पापुद्र्यासारखा, खाली काचेसारखा गोठलेला पांढुरका पट्टा, आणि त्याच्याही खाली निळ्या ठिपक्यांची रांग, राखणदारांची. ती कितीतरी वेळ बघत राहिली. एवढ्याशा जागेत केवढी धावपळ, आणि हिने त्यांना एवढे दिवस नुसत्या शिव्या दिलेल्या.

आणि नवरा. या सगळ्या वर्षांत नवऱ्याने काही विचारलं नव्हतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. गावोगावच्या इमारतींतून फिरायचा, आठवड्यातले तीन-चार दिवस बाहेर, गेल्या वर्षी निवृत्त झाला. पहिल्यांदा तिने अंग चोरलं तेव्हा तो थांबला. दुसऱ्यांदाही थांबला. तिसऱ्यांदा त्याने हातच पुढे केला नाही, तिच्या अंगावर पांघरूण सारखं केलं आणि कुशीवर वळला. तिने काही सांगितलं नाही. कसं सांगणार, कुठल्या शब्दांत? त्या जागेला दोन प्रकारचे शब्द होते, एक शिवीतले आणि एक पुस्तकातले, आणि नवऱ्याशी बोलायला दोन्ही उपयोगाचे नव्हते. दिवस गेले, मग वर्षं, आणि न बोलण्याचीच घराला सवय झाली. त्याच्या त्या न विचारण्याबद्दल तिने किती वेळा देवाचे आभार मानले होते! दुसरा कुणी असता तर आदळआपट केली असती, टोमणे मारले असते. हा भला माणूस. आणि आता तोच भलेपणा तिने मेणातून काढून उलटा धरला. एवढी वर्षं जो विचारत नाही, त्याला विचारायची गरज का पडली नाही? चार-चार दिवस बाहेर. कुठली कुठली गावं. ती त्या दुपारी लॅबमधून घरी चालत निघाली आणि वाटेतल्या प्रत्येक उंच इमारतीकडे तिची नजर गेली. यातल्या कुठल्या, असं तिच्या मनात येऊन गेलं. स्वतःचीच शिसारी आली, तरी मन तिथेच जाऊन बसे. ज्याच्यासाठी रोज हात जोडले तेच खोटं असेल, तर मग बाकीचं काय काय खोटं? सभागृहातला तो खांबसुद्धा?

"बरं नाही का?" घरी नवऱ्याने विचारलं. तो वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होता.

"डोकं दुखतंय."

"चहा टाकू?"

"नको."

"मग उभं-आडवं सांग. चार अक्षरी, शेवटी 'स'."

"विश्वास," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

"ते तीनच अक्षरी होतं गं!" तो मागून ओरडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नेहमीचं काम हाती घेतलं. एक ब्लॉक कापला, गॉझचा बोळा औषधात भिजवला, पात्याच्या धारेवरून एकदा इकडून तिकडे फिरवला, दुसरा ब्लॉक बसवला. आणि तिचा हात मुठीवर तसाच राहिला. पुसलं. आपण पातं पुसलं. हे तिला तिच्या पहिल्या वरिष्ठांनी शिकवलेलं: पातं महाग, एकावर दहा ब्लॉक काढायचे, दोहोंच्या मध्ये फक्त पुसायचं. डोळ्याने बघायच्या कापाला तेवढं पुरतं. पण विषाणू शोधायची तपासणी डोळ्याने बघत नाही. ती एका कणाचे कोटी कण करून मग बघते. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, प्रत्येक ब्लॉकला नवं पातं, आणि तिने वहीत लिहूनही घेतलं होतं. नव्या पात्यांचं खोकं कपाटात तसंच होतं, सील न फोडलेलं. कापायला बसल्यावर हाताने एकतीस वर्षांचं ऐकलं होतं, वहीचं नाही.

तिने वही काढली. डॉक्टरीणबाईंच्या यादीत आकडे ओळीने होते. पण कापायचा क्रम वेगळा होता, तो फक्त तिच्या वहीत. दर आठ ब्लॉकनंतर एक ब्लॉक मुद्दाम चामखिळीचा ठेवलेला, ज्यात विषाणू आहे हे आधीच ठाऊक होतं, तपासणी नीट चालली आहे का ते पडताळायला. तिने बोटाने रेघ ओढत नेली. चामखीळ, त्याच्यामागून एकतीस. चामखीळ, मग आठ. चामखीळ, मग सतरा. चामखीळ, मग चाळीस. पाचवी, बावीस नंबरची, चामखिळीच्या लगेच मागे नव्हती, एक सोडून दुसरी होती. पाचही जणींच्या अंगावर तिच्या पात्याने आणून पोचवलेलं होतं ते. तिने डोळे मिटले. आनंद झाला, आणि तो इतका झाला की तिला लाज वाटली. कारण हा आनंद म्हणजे डॉक्टरीणबाईंचे सहा महिने पाण्यात गेल्याची बातमी होती. आणि आणखी एक होतं, ते जरा उशिराने कळलं. चूक सापडली म्हणून नवरा निर्दोष ठरला, आणि सापडली नसती तर? मग तिने काय केलं असतं? यादीवर विश्वास ठेवला असता. अकरा वर्षांच्या पांघरुणापेक्षा तिळाएवढ्या लाल चिन्हावर.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत तिने उभ्यानेच सगळं सांगितलं, वही उघडी धरून. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पाचही?"

"पाचही. मी खोकंच उघडलं नाही, बाई. माझ्यावर लेखी काय ते करा."

"काकू, हे मी पुढच्या महिन्यात चारशे लोकांसमोर सांगणार होते." बाई खुर्चीत मागे रेलल्या आणि एकदम हसू लागल्या, मग हसता हसता थांबल्या. "तुम्ही नसतं सांगितलं तर कुणाला कधी कळलं असतं?"

"त्यातली एक मी आहे."

तुम्ही त्या चाळीस जणींत आहात हे ठाऊक होतं, कितव्या ते नव्हतं, असं बाई हळूच म्हणाल्या. त्यांनी उठून दार लोटलं, आणि हिच्याकडे न बघता, खिडकीशी बोलल्यासारखं बोलू लागल्या. "यादी अशी टाकून जायला नको होती मी. ऐका. खरंच सापडला असता, तरी त्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. तो वीस-वीस वर्षं गप्प बसतो. किंवा निदानाआधी दुकानातून आणलेलं एखादं मलम राखणदारांना झोपवतं, म्हणून नंतर आत शिरतो. आणि दुसरे विषाणू आहेत ज्यांचा आम्हाला संशय आहे, ते तर लहानपणीच येतात. एका पेल्यातून. आईच्या पाप्यातून. जगातल्या जवळजवळ सगळ्यांच्या अंगात असतात. आग लागलेल्या घराशी उभा दिसला म्हणून त्यानेच काडी लावली असं होत नाही ना?" मग वळल्या. "कुणाला काही बोलला नाहीत ना तुम्ही?"

"तोंडाने नाही," ती म्हणाली.

त्यांच्या इमारतीची लिफ्ट त्या दिवशी बंद होती. ती जिना चढत होती आणि नवरा पिशवी घेऊन उतरत होता. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या वळणावर गाठ पडली. "बघ, लिफ्टवाल्याच्या घरी जिना," तो म्हणाला. "खालच्या ताई म्हणतात, तुम्हीच बघा की. म्हटलं, निवृत्त डॉक्टरने दुसऱ्याचा रोगी उघडू नये." आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने पिशवी पायरीवर ठेवली.

तिने सांगितलं. जिन्यावर, भिंतीला पाठ लावून, वरखाली कुणी येत नाही ना बघत. कुठली जागा, काय होतं, किती वर्षं, कुठलं मलम. शब्द सापडत गेले. ते ना शिवीतले होते ना पुस्तकातले, तिथल्या तिथे झालेले होते. शेवटी कालचं सांगितलं, यादीचं, आणि तिच्या मनात काय आलं त्याचं.

त्याने जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवला. "कालपासून?"

"काल दुपारपासून."

"तरीच आमटीत मीठ नव्हतं." मग त्याचा आवाज बदलला. "विचारायचं होतंस."

"आता विचारते."

"नाही," तो म्हणाला. "कधीच नाही. कुठेच नाही." आणि ते त्याने इतक्या साध्या आवाजात म्हटलं, की तिच्या आतलं काहीतरी जागच्या जागी जाऊन बसलं. यादीने नाही, वहीने नाही, त्याने सांगितलं म्हणून. "मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, माझ्या अंगाला ग्रीसचा वास येतो."

"काय?"

"दुसऱ्यांदा तू सरकलीस तेव्हा. म्हटलं, वास येत असणार. तीनदा साबण बदलला मी. एक तर बायकांचा होता, गुलाबाचा. गाडीवरची पोरं हसायची."

तिला तो साबण आठवला. तिला वाटलं होतं दुकानदाराने चुकून दिला. "मग विचारलं का नाहीत, अहो?"

"लिफ्ट मध्येच अडकली, की पहिला नियम काय? आत माणूस आहे, बाहेरून दार उचकटायचं नाही. उचकटलं की घाबरून तो उडी मारतो, आणि खाली पडतो. बाहेर उभं राहायचं. बोलत राहायचं, म्हणजे त्याला कळतं कुणीतरी आहे." त्याने पिशवी उचलली, परत ठेवली. "मी बोलत होतो की. शब्दकोडी विचारत होतो."

ती हसायला लागली आणि हसू आवरेना. खालच्या मजल्यावरची ताई दार उघडून वर बघू लागली. "काही नाही हो," तो वाकून म्हणाला, "लिफ्ट चालू झाली एक." त्याने हात पुढे केला. तिने तो दोन्ही हातांनी धरला, नाकाशी नेला आणि नीट वास घेतला. त्याला कसलाच वास नव्हता, माणसाचा होता फक्त.

निकाल पुढे पंधरा दिवसांनी आला. चामखिळीचा विषाणू एकीतही सापडला नाही. लहानपणच्या एका तापाचा विषाणू नऊ जणींत सापडला, पण तो निरोगी कातडीच्या तुकड्यांतही जवळपास तितकाच होता. म्हणजे तोही नुसता घराशी उभा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून काही कळलेलं नाही, शोधत राहू. पण ते नंतरचं. त्याच्या आधी, दुसऱ्याच सकाळी, त्या तिच्या टेबलाशी आल्या. तिला वाटलं होतं, हे काम आता दुसऱ्या कुणाला देतील. दिलं असतं तर तिने वाईट वाटून घेतलं नसतं. त्यांनी पात्यांचं खोकं तिच्यासमोर ठेवलं. "तुम्हीच कापा, काकू," म्हणाल्या, आणि चुकीबद्दल एक शब्दही न काढता निघून गेल्या. असं कुणी दिलं की ते घ्यायला दोन हात पुरत नाहीत.

तिने सील फोडलं. चाळीस बायका, पाच चामखिळी, पंचेचाळीस पाती. कापायचं, पातं काढून कचऱ्याच्या डब्यात टाकायचं, यंत्राचा जबडा पुसायचा, हातमोजे बदलायचे, नवं पातं बसवायचं. काम मुंगीच्या पावलाने चाललं. रंगारी म्हणाला, "काकू, या चालीने माझ्या निवृत्तीपर्यंत होईल." ती म्हणाली, "तोवर तू रंग कालवत बस." दर वेळी नवं पातं खिडकीकडे धरलं की त्याच्या धारेवर सकाळ चमकायची, आणि ती मनातल्या मनात म्हणायची, देवा, ही बाई बसू दे. एवढंच. निखाऱ्याशिवाय बसू दे. एकोणीस झाली, चार झाली, पस्तीस झाली. तिसरी चामखीळ झाली, तिच्यानंतर दोन वेळा जबडा पुसला. मग सतरा. तिने ती वडी तळहातावर घेतली. एवढीशी, पिवळसर, गार, आत तिळाएवढं काहीतरी धूसर. तिच्यासाठी काय मागावं हे तिला पटकन सुचेना, कारण मागायचं म्हणून जे काही होतं ते सगळं आधीच येऊन पोचलेलं होतं. तिने ती बसवली, चार काप काढले, काप वळ्या होऊन नळीत पडले, नळीला झाकण लावलं. पात्याची धार नवी कोरी होती, एकाच ब्लॉकवर चाललेली, अजून दहा निघाले असते. तिने ते काढलं आणि डब्यात टाकलं, म्हणजे आपलं काही पुढचीच्या अंगाला लागायला नको. हातमोजे बदलले, दुसरं पातं बसवलं, आणि पुढच्या बाईला हातात घेतलं.